भरीव देऊळ

चैत्र लागला आणि समोरच्या कडुनिंबाला मोहोर आला की माझ्या तळहातांना घाम सुटतो. डॉक्टरांना सांगावं असं हे दुखणं नाही. सांगितलं तर ते म्हणतील, परीक्षा तुमच्या मुलीची, घाम तुम्हाला का?

परवाचीच गोष्ट. आर्या, माझी मुलगी, नववीचं इतिहासाचं पुस्तक पालथं टाकून कॉम्प्युटरसमोर बसली होती. ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून एक गेम खेळतात आणि त्याचा सर्व्हर ही सांभाळते. त्यावर तिला नवा मॉड टाकायचा होता. मॉड म्हणजे मूळ खेळात आपण घातलेली भर. नवी घरं, नवी हत्यारं, कधी अख्खा नवा मुलूख. पडद्यावर प्रश्न आला, जुन्या फाइलवर नवी लिहू का? तिनं तो वाचलासुद्धा नाही, सरळ 'हो' दाबलं. मी मागं उभा होतो. माझ्या तोंडून "अगं थांब!" निघून गेलं.

"बाबा, तू असा का ओरडतोस? गेमच आहे ना तो!"

गेमच आहे. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली कडुनिंबाची बारीक पांढरी फुलं गाड्यांच्या टपांवर सांडली होती आणि तो कडसर गोड वास वर येत होता. बारामतीला क्लासच्या खिडकीतून अगदी हाच वास यायचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो, आणि मोकळा पोरगा गावात नको म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासला घातलं. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडच्या फाट्यावरून आत. आबा बारामतीच्याच एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होते. आठवडाभर ते तिकडंच सहकाऱ्यांबरोबर राहायचे आणि सुट्टीला मोटारसायकलवरून गावी जायचे. मी स्टँडजवळच्या एका खोलीत सतीशबरोबर राहत होतो. सतीश आमच्याच गावचा, माझ्याच वर्गातला. त्यांची कालव्याच्या पाण्यावर भाजी आणि पेरूची बाग. आमचे दोघांचे डबे सकाळच्या एसटीनं यायचे. कंडक्टर खिडकीतून दोन्ही पिशव्या एकदम हातात द्यायचा आणि त्या खोलीवर एकदमच उघडायच्या. त्याची आई वांग्याचं भरीत पाठवायची, माझी आई सुकटीची चटणी. कुणाची भाकरी कोण खातोय हे आम्ही कधी बघितलं नाही. खोलीत बघायची गरजच पडली नाही.

क्लास पहिल्या मजल्यावर होता. दाराबाहेर चपला काढायच्या. धूळ आत गेली तर मशीन बिघडतं, असं घाडगे सर सांगायचे. घाडगे सर क्लासचे मालक, शिक्षक, मेकॅनिक, सगळं तेच. आत पाच कॉम्प्युटर एका काळ्या वायरनं एकमेकांना बांधलेले, आणि कोपऱ्यात काचेच्या खोलीत सर्व्हर. रोज सकाळी सर त्याला उदबत्ती ओवाळायचे. त्याच्या डब्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. काचेच्या दारातून आत सर सोडून कुणी जायचं नाही. आम्ही बाहेरून बघायचो. आत हिरवा दिवा लुकलुकायचा आणि पंख्याचा घुंऽऽ आवाज यायचा. मला त्या खोलीची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची, आणि कुणीही मला तिथं काही केलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी सर गेम लावू द्यायचे. पोरं गोळीबाराला चटावली होती. दुपारच्या झळांनी खिडकीचे पडदे तापायचे, बाहेर रसाच्या गाड्याची घुंगरं वाजायची आणि आत आम्ही एकमेकांना मारत सुटायचो. सरही खेळायचे आणि मेले की मनापासून शिव्या घालायचे. एकदा त्यांनी पुण्याहून एका मासिकाबरोबर आलेली सीडी आणली. तिच्यात मॉड होते, पण सगळ्या सूचना इंग्रजीत. सरांनी वाचायला घेतलं, कंटाळले आणि म्हणाले, "मिलिंद, तुझं इंग्रजी बरं हाय. जा आत, बस."

आत म्हणजे काचेच्या आत.

मी उठलो आणि काचेचं दार ढकललं. त्या सर्व्हरवर साऱ्या बॅचचं परीक्षेचं काम होतं, प्रत्येकाचा प्रोजेक्ट. चुकीच्या जागी चुकीची फाइल पडली तर सगळ्यांच्या मेहनतीचं वाटोळं, आणि नाव कुणाचं येणार? त्यात परीक्षेच्या दिवसांतली वीज, कधी जाईल नेम नाही. गेली की यूपीएस अंगावर आल्यासारखा कोकलायचा. जुन्या फाइलवर नवी लिहू का, असं पडद्यानं विचारलं आणि मी कितीतरी वेळ ते वाक्यच बघत बसलो. "आरं दाब की!" सतीश काचेबाहेरून ओरडला. मी दाबलं. काहीच बिघडलं नाही. पण माऊस उचलला तर खालून ओला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्यामागं त्या दिवशी लागला. मॉड टाकायचं काम कायमचं माझ्याकडं आलं आणि दर वेळी मी तितकाच घाबरलो.

एक मात्र शिकलो. नुसतं सर्व्हरवर टाकून भागत नाही. जो नकाशा, म्हणजे खेळायची जागा, सर्व्हरवर आहे तोच प्रत्येक मशीनवर हवा. ज्याच्याकडं नाही, त्याला सर्व्हर आत घेत नाही, दारातूनच परत पाठवतो. म्हणून मी फ्लॉप्या घेऊन या मशीनवरून त्या मशीनवर फिरायचो. एखादी फ्लॉपी मध्येच कर्र करून अडकली की माझं काळीजही तिथंच अडकायचं.

त्याच सीडीवर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर होतं. कल्पना सतीशची. भाकरीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "मिल्या, हे परदेशी किल्ले बास झालं. आपलं गाव टाकू की. तात्याच्या दारात हुबं राहून सरास्नी गोळी घालायची!" तात्या म्हणजे त्याचा चुलता, जत्रा कमिटीतला. मला हसू आलं आणि हसतानाच भीतीही वाटली. गावात गोळीबार? कुणाला कळलं तर? पण सतीशच्या डोक्यात एकदा शिरलं की निघायचं नाही, आणि मलाही, खरं सांगायचं तर, गाव करून बघायचं होतं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं ठोकळ्यांनी बांधायचं. घर हवं तर एक ठोकळा ठेवायचा. आत शिरता यायला हवं तर तो पोकळ करायचा, मग दार पाडायचं, मग खिडकी. पोकळ करणं वेळखाऊ काम. मी आमच्या वस्तीपासून सुरुवात केली. आमचं घर, चुलीजवळचा कोनाडा, विहाराच्या पायऱ्या, निळ्या झेंड्याचा खांब, कालव्याकडं जाणारी पाऊलवाट. मग ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाची फरशी, शाळा, चावडी, बाजाराचा कट्टा, पार, आणि पारासमोर देऊळ. डोळे मिटले की गाव दिसायचं आणि मी मांडत जायचो. इतकं मन लावून मी परीक्षेचा अभ्यासही केला नव्हता. गावाचं नाव मात्र कुठंच घालायचं नाही, असं सरांनी बजावलं. सरही घाबरत होते, याचा मला धीर वाटण्याऐवजी उलट धसकाच बसला.

पहिल्यांदा नकाशा लावला तेव्हा पोरं खुळी झाली. जो तो शाळेच्या छपरावर चढायला धावला. सतीश मात्र थेट देवळाकडं गेला. त्याला आत लपून बसायचं होतं. देवळाच्या भिंतीला तो एकदा धडकला, परत धडकला, मग सगळ्या बाजूंनी फिरून आला.

"मिल्या, हेला दारच न्हाय रं!"

"न्हाय?" मी म्हणालो.

"आतमदी काय बी न्हाय. नुसता दगुड. भरीव." तो हसायला लागला. "आरं, देवाला कोंडून घातलास काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते मी मुद्दाम केलेलं नव्हतं. शाळा मी पोकळ केली होती, चावडी केली होती, पिठाची गिरणीसुद्धा केली होती. देवळाशी आलो तेव्हा ठोकळा ठेवला, वर शिखर बसवलं आणि पुढं गेलो. आत काय आहे ते मला माहीतच नव्हतं. सगळा जन्म त्या पारावर खेळण्यात गेला होता आणि मी आत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. माझ्या आज्याला जाऊ देत नव्हते. आबा जात नव्हते, कारण आमच्या घरानं बुद्धाची वाट धरली होती. माझ्या वेळेला कुणी नको म्हणत नव्हतं आणि मी जातही नव्हतो, आणि त्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

हसत हसत सतीश स्वतःच्या घराकडं गेला. अंगण होतं, तुळस होती, ओसरी होती. ओसरीच्या पुढं भिंत. तोही ठोकळा भरीवच होता. मी त्यांच्याकडं ओसरीपर्यंतच बसलेलो. सतीश तिथं उभा राहिला. त्याचा माणूस पडद्यावर भिंतीकडं तोंड करून नुसता उभा. तेवढ्यात सरांनी त्याला मागून गोळी घातली, तरी तो ओरडला नाही.

संध्याकाळी डबे उघडताना सतीश म्हणाला, "जत्रंला गावाकडं जायचंच हाय. मी दावतो तुला देऊळ आतनं. मापं घिऊ. आन् घर बी बघ. आयला सांगतो." त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला नाही म्हणता आलं नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली. जत्रेपर्यंत मी मनात हेच घोळवत राहिलो. गावातलं कुणी बघितलं तर काय म्हणेल, आबांनी बघितलं तर काय म्हणतील, आणि कुणीच काही म्हटलं नाही तर मी स्वतःला काय सांगणार? ही तिसरी भीती सगळ्यांत वाईट होती, कारण तिला तोंड नव्हतं.

जत्रेचा दिवस अजून तसाच आहे. ऊन मी म्हणतंय, हवेत गुलाल आणि रेवड्यांचा वास, पाळण्याच्या लोखंडाची करकर, पिपाण्यांचा कलकलाट. देवळाच्या पायऱ्यांशी चपलांचा ढीग. सतीश चपला भिरकावून वर गेलासुद्धा. मी पहिल्या पायरीपाशी थांबलो. डाव्या पायातली चप्पल काढली. दगड तापलेला होता. उजव्या पायातली निघेना, म्हणजे मी काढेना.

तेवढ्यात तात्या आले. डोक्याला फेटा, कपाळभर गुलाल. सतीशनं आधीच त्यांच्या कानावर घातलेलं होतं.

"काय रं मिलिंदा, आमचं गाव म्हणं कंप्युटरात घातलंस?"

"व्हय तात्या. म्हंजी... खेळ हाय."

"देऊळ बी हाय म्हणं?"

"हाय."

"मग आतलं कसं केलंस?"

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. मी म्हणालो, "आतलं न्हाय केलं. भरीव हाय."

"भरीव? मग देव कुठं मावला रं?" तात्या खदखदून हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा की मग आत, बघून ये. कोण नगं म्हणतंय?"

कोण नगं म्हणतंय. मी मान वर करून बघितलं. दारात सतीश उभा होता, हातानं ये ये करत होता. त्याच्यामागं काळोख आणि एक समई. खरंच कुणी अडवत नव्हतं. तरी माझा एक पाय चपलेत आणि एक तापल्या दगडावर, आणि दोन्ही हलत नव्हते. मारायला कुणी धावून आलं असतं तर मी पळालो तरी असतो. इथं पळायलाही कारण नव्हतं.

मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला. मला बघायची गरज नव्हती. तो हॉर्न मी झोपेतही ओळखला असता. आबा सुट्टीचे गावी येत होते आणि जत्रेच्या गर्दीमुळं पारापाशी थांबले होते.

"नामदेवराव!" तात्यांनी आबांना हाक मारली. "पोराला सांगा की, आत जाऊन बघ म्हणावं. भितंय उगंच."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. ते एवढंच म्हणाले, "मोठं झालंय ते आता, तात्या. त्येचं त्यो बगंल." आणि गाडी चालूच ठेवून, रस्त्याकडं तोंड करून बसून राहिले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मी डाव्या पायात चप्पल घातली, गर्दीतून वाट काढली आणि त्यांच्या मागं बसलो. सतीशकडं वळून बघायचं धाडस झालं नाही.

आबांनी ओढ्यावरची फरशी ओलांडली. त्यांच्या शर्टाला दुधाच्या भुकटीचा वास यायचा, घरी आल्यावरसुद्धा तो जायचा नाही. कालव्याच्या कडेला त्यांनी गाडी उभी केली. मी आधीच सुरू केलं, "आबा, मी आत गेलो न्हाय. खरंच न्हाय गेलो."

"बघितलं मी. का न्हाय गेलास?"

मला वाटलेलं, का निघाला होतास, असं विचारतील. त्या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. याचं नव्हतं.

"भ्यालो," मी म्हणालो.

आबा पाण्याकडं वळले. मग म्हणाले, "माझ्या बापाला त्या पायरीवर हुबं ऱ्हाऊ देत नव्हतं. त्यो भिऊन लांबनं जायाचा. मी जात न्हाय, ते मला जायाचं न्हाय म्हणून. मला कुणाची भीती न्हाय. आज तू माझ्यासारखा थांबलास असं तुला वाटत आसंल, पर तू आज्यासारखा थांबलास." त्यांनी किक मारली, आणि गाडीच्या आवाजात पुढचं वाक्य जवळजवळ बुडालं. "जायाचं तर जा. न्हाय तर नगं जाऊ. भिऊन मातुर काय बी करू नगंस."

मी मागं बसून रडलो. वाऱ्यानं डोळे सुकत होते, परत भरत होते. आबांना कळलं असणार, पण त्यांनी गाडी हळू केली नाही.

बारामतीला परत आलो तेव्हा सतीशनं त्या प्रसंगाचा विषय काढला नाही. त्यानं खिशातून सुतळी काढली, गाठी मारलेली. देवळाची मापं होती. "ही घे," तो म्हणाला.

मी घेतली नाही. म्हणालो, "सत्या, ते तू कर. मी शिकवतो. तू जातोस आत, तुला म्हाईत हाय. माझी वस्ती मी केली, तुझं देऊळ तू कर. आन् तुझं सैपाकघर बी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो रागावेल, मैत्री तुटेल, दुसऱ्या दिवसापासून डबे वेगळे उघडतील, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. तो म्हणाला, "मला ते पोकळ करायचं जमंल का रं?"

जमलं. त्याला ठोकळे सांभाळायला वेळ लागला, शिव्याही बऱ्याच दिल्या, पण त्यानं देऊळ आतून कोरलं. दार पाडलं, मंडप केला, समईसाठी पिवळा उजेड ठेवला, आणि कुठूनतरी एका घंटेचा आवाज मिळवून तो दारात बसवला. कुणी आत शिरलं की घंटा वाजायची. स्वयंपाकघरही केलं, चुलीसकट. मग एका रविवारी मी काचेच्या खोलीत गेलो, सर्व्हरवर नवा नकाशा टाकला, जुन्या फाइलवर नवी लिहू का या प्रश्नाला हो म्हणालो, आणि फ्लॉप्या घेऊन प्रत्येक मशीनवर फिरलो. कुणी बाहेर राहू नये म्हणून दोनदा तपासलं.

खेळ सुरू झाला. खिडकीतून कडुनिंबाचा वास येत होता. वस्तीतून सगळे एकदम सुटले, फरशी ओलांडली, पार गाठला. सर आत शिरले, घंटा वाजली. सतीश शिरला, घंटा वाजली. बाकीची पोरं शिरली. पडद्यावर ते उघडं दार होतं आणि आत पिवळा उजेड.

"ये की!" सतीश शेजारच्या मशीनवरून म्हणाला.

"तुमी खेळा. मी हितंच हाय," मी म्हणालो आणि दारासमोर उभा राहिलो.

मग माऊसवरून हात उचलून तळवा बघितला. कोरडा होता.